ऐकीव उंट

मुहर्रकच्या गल्लीत, मोत्यांच्या जुन्या व्यापाऱ्याच्या घरात
पेटीतून निघाला तो, भुशात नाक खुपसलेला:
वीतभर उंट, भाजल्या मातीचा,
अडीचशे वर्षांमागे इंग्लंडात घडलेला.
अंगावर शिशाची झिलई, काकवीच्या रंगाची,
कुबडावरून ओघळत पोटाशी हिरवी झालेली,
कुणी घाईत आंघोळ घालावी
आणि पुसायचंच राहून जावं तशी.

डावा कान प्रवासात गेला.
उम्म नासिर म्हणाल्या, "ईदच्या आधी होईल?"
म्हटलं, बघते.

बघितलं. खूर गाईचे.
मान घोड्याची, वळणावर जराशी हंसाचीही.
चार पायांच्या मधोमध झाडाचा बुंधा,
ओली माती खचू नये म्हणून दिलेला टेकू,
त्याला ओकची पानंसुद्धा.
उरलेला उजवा कान लांब, टोकदार,
सरळसरळ गाढवाचा.

दादकरीम ड्रायव्हर हसून हसून खाली बसला.
"बाजी, याला शर्यतीत सोडा.
शेवटून पहिला येईल."

मला हसू आलं नाही.
स्टॅफर्डशरच्या त्या चिखलात, कोळशाच्या धुरात
कुणी पाहिला असणार उंट?
कुणा खलाशाने कुणाला सांगितला असेल,
त्याने गुत्त्यात तिसऱ्याला;
कानोकानी जाता जाता
उंटाचेच कान लांबले.
आणि मी तरी कोण लागून गेले?
माझ्या भाषेत उंट म्हणीत राहतो,
त्यावर बसून लोक शेळ्या हाकतात.
मिरजेच्या सर्कशीत एकदा पाहिला होता.
तो बसलेला होता,
म्हणजे अर्धाच.

नमुन्यापुरती माती हवी म्हणून
आली नावाच्या गावी गेले
(मराठीत हे वाक्य स्वतःशीच भांडतं).
सोबत तो, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर.
मिर्झा अब्दुल्नबी चाकावरून उठले नाहीत.
ओले हात गुडघ्यांना पुसले, उंट उलटा धरला,
बुंध्याच्या पोकळीत, जिथे झिलई पोचत नाही,
तिथे नख नेलं. "हे बघ."

अंगठ्याचा ठसा.
एवढासा, की माझ्या करंगळीनेच भरला.

"साच्यात माती दाबायला पोरं लागतात.
मोठ्यांचा हात आत जात नाही.
मी सात वर्षांचा होतो."

झिलईत भांडी बुडवणाऱ्यांचे हात
पुढे मनगटातून लुळे पडत,
हे मी वाचलं होतं.
त्यांना सांगितलं नाही. ते चहा ओतत होते.

मग न विचारता त्यांनी चिमूटभर माती घेतली,
दोन बोटांत फिरवली, नखाने आत केस ओढले:
कान. छोटा, गोल, मिटल्यासारखा.
"असा असतो. वाळू आत जाऊ नये म्हणून."

दुसऱ्या आठवड्यात टेबलावर दोन कान.
एक रेझिनचा, लांब, नियमाप्रमाणे
उजव्याची आरशातली नक्कल,
रंग जुळवायला तीन दिवस घेतलेला.
दुसरा मिर्झांचा, कच्चा,
वाळता वाळता आणखी लहान झालेला.

उम्म नासिरना लांब कानाचा उंट दिला.
त्यांनी तो खिडकीत ठेवला, मागे सरून पाहिलं,
म्हणाल्या, मोडलाच नव्हता जणू.
अहवालात तुटीची जागा लिहिली, गोंदाचं नाव, तारीख.
ठशासाठी रकाना नव्हता,
समासात लिहिला.

छोट्या कानाबद्दल कुठेच लिहिलं नाही.
तो बुंध्याच्या पोकळीत आहे,
तोंड मेणाने बुजवलंय, उन्हात विरघळेल असं.
परवा त्यांच्या नातवाने उंट उचलला,
कानाशी नेऊन हलवला.

खुळखुळला.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी ब्रश धुवायला वळले.